हातचा एक

आमचे दाजी दोनच घेतात.

हे वाक्य मी ताईचं लग्न झाल्यापासून ऐकतोय, आणि सुरुवातीची काही वर्षं ते खरंही असेल. दाजी सांगलीतले सीए. विश्रामबागेत ऑफिस, आर्टिकलशिपची पोरं, हळदीच्या अडत्यांपासून तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांपर्यंत अशिलं. टॅक्स ऑडिटची ३० सप्टेंबरची मुदत त्यांच्या हातून एकदाही चुकलेली नाही. सरकारनं मुदत वाढवली तरी दाजींचं काम तीस तारखेलाच उरकलेलं असतं, आणि मुदतवाढीची वाट बघणाऱ्यांना ते ‘गबाळे’ म्हणतात. पहाटे साडेपाचला उठून आमराईत चार फेऱ्या, अंघोळ, गणपतीला जास्वंद, नऊच्या ठोक्याला खुर्चीत. शर्टाच्या खिशात दोन पेनं, सहीला निळं आणि तपासणीच्या खुणांना हिरवं. अशा माणसाला कोण काय म्हणणार? माझं स्वतःचं रिटर्न दरवर्षी शेवटच्या रात्री तेच भरून देतात, तेही दोन घेतल्यावर, आणि मला आजवर खात्याची एक नोटीस आलेली नाही.

त्यामुळे ‘दोन’ या आकड्यावर मी कधी शंका घेतली नाही. शंका घ्यायची तर मोजायला हवं. मोजायचं तर समोर बसायला हवं. मग मी बसलो. दर शनिवारी बसलो. आणि बसल्यावर मोजायचं राहून जातं, हा अनुभव फक्त माझाच नसावा.

साडेसात वाजले की दाजी उठतात, एक मिनिट आधी नाही. शोकेसच्या वरच्या कप्प्यात आयकराची जाडजूड पुस्तकं, खालच्या कप्प्यात ओल्ड मंक. दोन्ही कप्प्यांना ते सारख्याच अदबीनं हात लावतात. स्टीलचं तबक येतं. जाड बुडाचा ग्लास, बर्फाचा डबा, वाटीत खारे शेंगदाणे, सोड्याची एक छोटी बाटली आणि पितळी माप, एका बाजूनं तीस, दुसऱ्या बाजूनं साठ. दाजी माप डोळ्यांच्या पातळीवर धरतात, चष्मा कपाळावर ढकलतात आणि रम काठाला टेकेपर्यंत श्वास रोखून धरतात. मापाबाहेर ओघळलेला थेंब बोटानं निपटून ग्लासातच जातो. मग सोडा. “एका बाटलीत दोन पेग,” ते मला समजावतात, “फोडलेली बाटली दुसऱ्या दिवशी ठेवायची नाही, गॅस जातो. दोन पेग, एक बाटली, वाया काही नाही.” सोनार गुंज तोलताना जितका गंभीर असेल तितके दाजी या क्षणी गंभीर असतात. बघणाऱ्याला वाटावं, या माणसाच्या हातून थेंबभरही जास्त जाणं शक्य नाही.

हा झाला पहिला पेग. त्यानंतर ते माप त्यांनी पुन्हा हातात घेतलेलं मी पाहिलेलं नाही.

होतं असं की, ग्लासात दोन बोटं उरली की दाजी म्हणतात, “जरा पाणचट झालं.” आणि बाटली थेट तिरपी करतात. याला दुसरा पेग म्हणायचं नाही. ग्लास रिकामा झाल्याशिवाय पेग पुरा होत नाही. तोवर तो ‘वर्क-इन-प्रोग्रेस’. मी एकदा भीत भीत विचारलं, तर म्हणाले, “मेव्हणं, दुरुस्तीची नोंद म्हणजे नवी खरेदी नसते.” बर्फ वितळून चव उतरली तर तो घसारा, आणि घसारा भरून काढावाच लागतो. अशा रीतीनं पहिला पेग नऊपर्यंत चालतो, आणि दुसरा ताई ताटं मांडून दिवा घालवायची भाषा करेपर्यंत. सोडा तेवढा मध्येच संपतो. मग दाजी आत हाक मारतात, “अगं, एक सोडा,” आणि ताई निमूट आणून ठेवते. रिकाम्या बाटल्या मागच्या जिन्यातल्या क्रेटमध्ये जातात. तिकडे आमच्यापैकी कुणी कधी बघितलं नाही.

दाजींच्या तोंडी ‘दारू’ हा शब्द फक्त दुसऱ्यांसाठी असतो. दारू पिणारा म्हणजे त्यांचा आधीचा ड्रायव्हर. तो एकदा भर दुपारी वास मारत आला म्हणून त्याला घरी बसवला. “माणूस सोन्यासारखा, पण दारू,” दाजी हळहळत म्हणाले, आणि पहिल्या पेगमध्ये थोडी दुरुस्ती केली. दाजी स्वतः ‘घेतात’. मित्रांत ‘बसतात’. अशिलाला ‘कंपनी देतात’. या बाबतीत मराठीनं दाजींसारख्यांची फार सोय करून ठेवली आहे. ‘आज बसायचं का?’ एवढंच विचारलं की काय घेऊन बसायचं हे सांगावं लागत नाही. बिचारं बसणं सगळं अंगावर घेतं.

एकट्यानं पिणारा तो दारुडा, असा दाजींचा आणखी एक नियम. म्हणून ते एकटे कधी घेत नाहीत. शनिवारी मी असतो. सोमवार-मंगळवारी शेजारचे निवृत्त उपअभियंते येतात. त्यांना मधुमेह असल्यामुळे ते नुसते शेंगदाणे खातात, पण हजर असतात. बुधवारी पुण्याचा भाचा व्हिडिओ कॉलवर येतो. तो नसला तर ताईनं कोकम सरबत घेऊन बसायचं. ताई माहेरी आली होती तेव्हा काय केलं, असं मी विचारलं. दाजी म्हणाले, “टीव्हीवर चर्चा चालू होती. चार जण होते की.”

गुरुवार दत्ताचा, तो कोरडा. गुरुवार पाळतो म्हणजे आपल्याला सवय नाही, हा दाजींचा पुरावा नंबर एक. पुरावा नंबर दोन पाकिटात असतो. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून पुस्तकात आहे आणि त्याखाली पिणाऱ्याला परवाना लागतो. दाजींनी हजार रुपये भरून आजीवन परवाना काढलेला आहे. मला भेटलेल्या पिणाऱ्यांत तो खरोखर काढलेला हा एकमेव माणूस. परवाना द्यायचं कारण सरकारनं त्यावर छापून ठेवलंय, ते असं की धारकाला आपलं आरोग्य राखण्यासाठी याची गरज आहे. दाजी ती ओळ बोट ठेवून दाखवतात. “मी म्हणत नाही, महाराष्ट्र शासन म्हणतंय.” त्याच फाईलमध्ये, दोन पानं पुढे, मुक्तांगणच्या देणगीच्या पावत्या असतात. पुण्यात डॉ. अनिता अवचटांनी १९८६ साली ते व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं आणि त्यासाठी पु. ल. आणि सुनीताबाईंनी मदत दिली होती, हे दाजी अभिमानानं सांगतात. दरवर्षी न चुकता पैसे पाठवतात. “बिचाऱ्यांचे संसार वाचतात,” म्हणतात, आणि मला सोडा पुढे करतात.

पुरावा नंबर तीन म्हणजे श्रावण. श्रावणात दाजी थेंबाला शिवत नाहीत, आणि हे अगदी खरं आहे. मी साक्षीदार आहे. फक्त दरवर्षी श्रावण लागला की त्यांना व्हायरल होतं. गटारीनंतर दुसऱ्या दिवशी घाम, झोप नाही, जेवण नको, आणि हात असा हलतो की चहाची बशी वाजते. थर्मामीटर लावला तर साडेअठ्ठ्याण्णव. “पावसाळी हवा,” दाजी म्हणतात. चार-पाच दिवसांत सगळं ओसरतं. पण दाजी मुळात नियोजनाचे पक्के, त्यामुळे त्या आठवड्यात ते सह्यांचं काम ठेवतच नाहीत. सगळ्या सह्या आषाढातच मारून टाकतात. एका वर्षी ताईनं डॉक्टरांना घरी बोलावलं. डॉक्टर म्हणाले, हे व्हायरल नाही; रोजची सवय एकाएकी तोडली की शरीर असा तमाशा करतं, कधी कधी जिवावरही बेततं, पुढच्या वेळी थांबण्याआधी मला सांगा. दाजींनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. आता ते चारचौघांत सांगतात, “डॉक्टरांनीच बजावलंय, एकदम थांबायचं नाही.”

२०२३ साली श्रावण दोन आले तेव्हा मोठा पेच पडला. १८ जुलैपासून अधिक, १७ ऑगस्टपासून निज. दोन्ही पाळायचे तर दोन महिने सरळ कोरडे. दाजींनी दाते पंचांग काढलं, चष्मा पुसला, दोन गुरुजींना फोन केले आणि निर्णय दिला की अधिक मास म्हणजे उचंत खातं. तिथे टाकलेली रक्कम नेहमीच्या खात्यात धरत नाहीत. व्रतं निज महिन्यात. एवढं ठरल्यावर १७ जुलैला त्यांनी लोकरीतीप्रमाणे गटारी केली आणि १६ ऑगस्टला शास्त्राप्रमाणे पुन्हा केली. दोन्हीला मी होतो.

सांगली म्हणजे नाटकाचं गाव, त्यामुळे ‘एकच प्याला’ आम्ही दोघांनी मिळून पाहिलेलं आहे. मला वाटलं होतं दाजी अस्वस्थ होतील. दाजी चिडले, पण सुधाकरावर. “ह्या माणसाला घेताच येत नाही,” मध्यंतरात बटाटेवडा खाताना ते म्हणाले. “वकील माणूस, आणि सनद घालवून बसतो? माझं प्रॅक्टिसचं सर्टिफिकेट बघ, एक ओरखडा नाही.” गडकऱ्यांचं नाटक रंगभूमीवर आलं १९१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. दाजींच्या मते ते आज असते तर त्यांनी सुधाकराला आधी सीए केला असता. घरी आल्यावर जरा वेळानं त्यांना सिंधूची आठवण झाली. “तिला बिचारीला दळणं दळावी लागली,” ते म्हणाले, आणि स्वयंपाकघराकडे हात केला. “तुझ्या ताईला घरघंटी घेऊन दिलीय.”

ताईनं ऐकलं असावं. आत घरघंटी चालूच होती.

ताईबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण या सगळ्यात ती फारसं बोलत नाही. ताई विलिंग्डन कॉलेजची, गणित घेऊन बी.एस्सी. लहानपणी माझ्या बेरजा तपासायची. चुकली की मारायची नाही, नुसती वही परत सरकवायची, मी आपली चूक आपण शोधेपर्यंत. नोकरी केली नाही. घरखर्चाची वही मात्र लग्नाच्या महिन्यापासून एकहाती लिहिते, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दाजी ती तपासतात. हिरवी खूण, खाली सही. लोकांना हे प्रेमळ वाटतं. मलाही वाटायचं.

मागच्या एप्रिलात दाजींच्या रक्ताच्या रिपोर्टात यकृताचा एक आकडा वर गेला. दाजींचं म्हणणं, “नॉर्मल रेंज म्हणजे काय, लोकांची सरासरी. मी सरासरीतला आहे का?” डॉक्टरांनी वाद घातला नाही, दहा प्रश्नांचा एक कागद पुढे ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेची ही पिण्याबद्दलची चाचणी. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण चाळीस, आणि आठ किंवा जास्त आले तर लक्ष घालायला हवं. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून तिचं नावच ठेवलंय ‘ऑडिट’.

दाजींच्या डोळ्यांत मी इतकी चमक कधी पाहिली नव्हती. आधी त्यांनी आक्षेप नोंदवला की स्वतःचं ऑडिट स्वतः करता येत नाही, स्वातंत्र्याचा प्रश्न येतो. मग खुर्ची पुढे ओढून हिरवं पेन काढलं. किती वेळा घेता? आठवड्यातून चार किंवा जास्त वेळा. इथे चार गुण प्रामाणिकपणे दिले. “जे पुराव्यानिशी सिद्ध होतं ते नाकारायचं नाही, खात्याशी वागायचा पहिला नियम.” एका वेळी किती? दोन, म्हणजे शून्य. सहा किंवा जास्त कितीदा? कधीच नाही, शून्य. अपराधी वाटतं का? दाजी विचारात पडले. एकदा रममध्ये कोला घातला होता तेव्हा वाटलं होतं, म्हणून महिन्यातून एकदापेक्षा कमी, एक गुण. शेवटचा प्रश्न असा की, घरातलं किंवा डॉक्टर कुणी काळजी व्यक्त केली आहे का? गेल्या वर्षभरात केली असेल तर चार गुण, त्याआधी केली असेल तर दोन. ताई फेब्रुवारीत बोलली होती. मी समोरच होतो. दाजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. एप्रिलची नऊ तारीख. “मागच्या आर्थिक वर्षात,” ते म्हणाले, आणि दोन मांडले.

चार, एक, दोन. सात. आठला एक कमी.

डॉक्टर बराच वेळ कागदाकडे बघत होते. त्यांचं रिटर्नही दाजीच भरतात. कौतुक करावं की काळजी, हे त्यांना ठरवता आलं नसावं. बाहेर पडताना दाजी माझ्या कानाशी म्हणाले, “याला प्लॅनिंग म्हणतात.”

दाजींच्या दुसऱ्या पेगमधली सगळ्यात आवडती गोष्ट पापडाची आहे. एका खानावळीचा मालक त्यांचा अशील. गिऱ्हाईक ओसंडून वाहायचं, पण वहीत रोजची ताटं दीडशेच. गल्ल्यावर मालकाचा मेहुणा बसायचा. (इथे दाजी माझ्याकडे बघतात.) बिलं बरोबर, भाजीचा हिशेब बरोबर, मेळ चोख. दाजींनी तीन दिवस काही केलं नाही, जेवले आणि परत आले. चौथ्या दिवशी त्यांनी वाण्याची बिलं मागवली आणि फक्त पापड मोजले. ताटाला पापड एक. मागून कुणी घेत नाही, कारण जादा पापडाचे पैसे पडतात. महिन्याला पापड आले नऊ हजार, म्हणजे ताटं तीनशे. “वही खोटं बोलेल, मेहुणा खोटं बोलेल,” दाजी ग्लास उंच धरून सांगतात, “पापड कशाला खोटं बोलेल?” ही गोष्ट मी निदान चाळीसदा ऐकली असेल. ताईनंही ऐकलीय, आतून.

परवा जूनची पहिली तारीख, शनिवार. मी सातलाच पोचलो. दाजी सोफ्यावर होते, वही मांडीवर, हिरवं पेन हातात. दूध, किराणा, गॅस, मोलकरीण; खुणा सटासट पडत होत्या. पान उलटलं आणि पेन थांबलं.

“हे काय? हे खातं कधी काढलंस?”

ताई दारात पदराला हात पुसत उभी होती. “तुम्हीच म्हणता ना अहो, किरकोळ फुगलं की त्यातलं वेगळं काढावं.”

मी वाकून पाहिलं. ताईचं ते शाळेतलं टपोरं अक्षर. वर लिहिलं होतं, ‘सोडा, मे महिना.’ खाली चार आकडे एकाखाली एक, १५, २१, १४, १८. रेघ. बेरीज ५८. त्याखाली वेगळी ओळ होती, ‘सोडा, पाहुणे: ९.’ मे महिन्यात मी तीन शनिवार गेलो होतो. मी दोनच घेतो.

दाजी काही बोलले नाहीत. एका बाटलीत दोन पेग, हे त्यांचंच माप. गुरुवार वजा करून मे महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे बाटल्या सव्वीस. एवढा हिशेब त्या माणसाला करावा लागत नाही, तो होऊन जातो. मला वाटलं, आता ते म्हणतील की गॅस निघून जातो, अर्ध्या बाटल्या ओतून देतो. वाटलं, म्हणतील उपअभियंते पितात. तोंड उघडलंही होतं. पण नजर त्या स्तंभावर अडकली होती आणि ओठ हलायला लागले होते. पाच, सहा, दहा, अठरा.

“टोटल चुकलीय,” दाजी म्हणाले.

“हो का?” ताई म्हणाली.

“अगं, असं कसं तुझं? हातचा एक राहिला.” त्यांनी ५८ वर आडवी रेघ मारली, शेजारी हिरव्या शाईत ६८ लिहिलं, खूण केली आणि खाली, सवयीनं, सही ठोकली.

मग ते त्या आकड्याकडे बघत बसले. ताई अजून दारातच होती. मी शेंगदाण्याच्या वाटीकडे हात नेला आणि मागे घेतला. बऱ्याच वेळानं दाजींनी पेनाला टोपण लावलं, ते खिशात ठेवलं आणि मान वर करून घड्याळाकडे पाहिलं.

सात पंचवीस झाले होते.